सरकारी वकील, विधी सेवा आणि तुमची फाईल: आपली माहिती गोपनीय राहावी म्हणून काय करावं

कोर्टाच्या आवारातल्या सरकारी कार्यालयात माणूस आपलं सगळं उघडं करतो. घरातली मारहाण, मुलीवर झालेला अत्याचार, एचआयव्हीचा रिपोर्ट, जातीचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. मदत हवी असते, म्हणून समोरचा मागेल ते पुढे केलं जातं. हे कागद पुढे कोणाच्या हाती जातात, उद्या माहितीच्या अधिकारात ते दुसऱ्या कोणाला मिळू शकतात का, हे विचारायचं सुचत नाही. सुचलं तरी विचारायला जीभ रेटत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या अशा कार्यालयांपुरता आहे: जिल्हा आणि तालुका पातळीवरची मोफत वकील देणारी विधी सेवा, लोकअभिरक्षक कार्यालय, सरकारी वकील आणि फौजदारी खटले चालवणारा सरकारी अभियोक्ता. माझं सांगणं एवढंच की गोपनीयता मागायची ती फाईल उघडते त्या दिवशी आणि लेखी. कायद्यात संरक्षणं बरीच आहेत, पण त्यातली महत्त्वाची संरक्षणं तुम्ही पहिल्या दिवशी काय लिहून दिलंत यावर अवलंबून असतात.

पहिली पायरी: समोरचा वकील कोणाचा, ते आधी समजून घ्या

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. काळा कोट घातलेला, सरकारी कार्यालयात बसलेला माणूस ‘आपला’ वकील असं लोक गृहीत धरतात.

विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेला पॅनेलवरचा वकील खरोखर तुमचा असतो. वकीलपत्र तुमचं, अशील तुम्ही. आरोपीच्या बाजूने उभं राहणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकिलांचंही तसंच. त्यांचा पगार किंवा मानधन सरकारी पैशातून येतं, म्हणून त्यांची बांधिलकी सरकारशी होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 नुसार अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद, वकिलाने दिलेला सल्ला हे काहीही अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. काम संपल्यावरही हे बंधन राहतं. वकिलाचा कारकून, नोकर आणि दुभाषी यांनाही ते लागू आहे. अपवाद आहेत: बेकायदा हेतूसाठी सल्ला घेतला असेल, किंवा वकील नेमल्यानंतर गुन्हा वा फसवणूक घडल्याचं वकिलाच्या नजरेला आलं असेल, तर हे कवच मिळत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की अशिलाची माहिती काढण्यासाठी तपास यंत्रणेला वकिलालाच समन्स धाडता येणार नाही. अपवादात बसत असेल तरच, आणि तेही पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीने.

सरकारी अभियोक्ता मात्र तुमचा वकील नाही. फिर्यादी तुम्ही असाल, पीडित तुमची मुलगी असेल, तरी खटला राज्याचा असतो. त्याला तुम्ही जे सांगता ते ‘अशिलाने वकिलाला सांगितलेलं’ ठरत नाही. बहुतेक अभियोक्ते माणुसकीने वागतात, पण कायद्याचं कवच वेगळं आणि माणसाचा चांगुलपणा वेगळा. दिवाणी बाजूचे जिल्हा सरकारी वकील तर अनेकदा तुमच्या विरुद्ध उभे असतात, भूसंपादनाच्या दाव्यात हमखास. बोलायला गोड आहेत म्हणून त्यांना आपली बाजू सांगत बसू नका.

यावर उपाय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये पीडित व्यक्तीला सरकार पक्षाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील नेमण्याची मुभा कोर्ट देऊ शकतं. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 40 प्रमाणे बालकाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील मिळतो, आणि ऐपत नसेल तर तो विधी सेवा प्राधिकरणाने द्यायचा असतो. नाजूक गोष्टी त्या वकिलाशी बोला. अभियोक्त्याला काय सांगायचं हे त्याच्याशी ठरवा.

विधी स्वयंसेवक, ज्यांना सगळे पीएलव्ही म्हणतात, त्यांच्याबद्दलही एक सांगते. ही माणसं फार मोलाची आहेत, त्यांच्याशिवाय अर्ध्या बायका कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचल्या नसत्या. पण ते गावातलेच असतात, आणि कलम 132 मध्ये त्यांचा उल्लेख नाही. अर्ज भरायला, वाट दाखवायला त्यांची मदत जरूर घ्या; आजार, शरीरसंबंध, लपून राहत असलेला पत्ता असे तपशील वकिलासाठी राखून ठेवा.

दुसरी पायरी: लागेल तेवढाच कागद द्या

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 चं कलम 12 सांगतं, की स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे बळी आणि आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे एखादी बाई पोटगीसाठी अर्ज करायला आली, तर तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला, पासबुक, रेशनकार्ड मागण्याचं कारण नाही. ती स्त्री आहे, एवढं पुरतं. खिडकीवर कोणी मागितलंच, तर शांतपणे विचारा: “साहेब, मी कलम 12 खाली स्त्री म्हणून अर्ज करतेय, उत्पन्नाचा दाखला कशासाठी?” बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करणाऱ्यांसाठीही कलम 13 मध्ये सोय आहे. अर्जदाराचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पात्रतेसाठी पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नसेल तर. वर्षभराचे बँक व्यवहार जोडायची गरज नाही.

आधारची प्रत द्यायचीच असेल तर मास्क केलेली द्या, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी. आधारच्या संकेतस्थळावरून ती मोफत उतरवता येते. झेरॉक्सवर आडवं लिहा: “फक्त विधी सेवेच्या अर्जासाठी”, खाली तारीख आणि सही. मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नका. वकिलाला पाहायला द्या, प्रत द्या, मूळ परत घ्या. पुराव्यासाठी मूळ कागद दाखल करायची वेळ आलीच, तर कागदांची यादी करून त्यावर पोच घ्या.

तिसरी पायरी: अर्जात हे लिहा

या पायरीवर जरा थांबा. छापील अर्जात पत्त्याचा रकाना असतो, आणि लोक आधारवरचा पत्ता सवयीने उतरवतात. सासर सोडून आलेल्या बाईचा आधारवरचा पत्ता सासरचाच असतो. प्राधिकरणाचं पत्र त्या पत्त्यावर जातं, पाकिटावर कार्यालयाचा शिक्का असतो, आणि बाई कुठे गेली, काय करते आहे, हे घरातल्यांना पोस्टमनच्या हातून कळतं. यात कोणाचा दुष्टावा नसतो, कारकुनाने रकान्यातला पत्ताच लिहिलेला असतो. पण त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात.

म्हणून अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर, आपल्या हाताने हा मजकूर लिहा. टाईप केलेला असला तरी चालेल:

“मी या अर्जासोबत दिलेली सर्व माहिती व कागदपत्रे गोपनीय समजून दिलेली आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 11 प्रमाणे मला लेखी कळवून माझे म्हणणे घेतल्याशिवाय ती कोणासही देऊ नयेत. माझ्याशी पत्रव्यवहार फक्त खाली दिलेल्या पत्त्यावर करावा. आधार कार्डावरील पत्त्यावर कोणतेही पत्र पाठवू नये. फोन फक्त खालील क्रमांकावर करावा व दुसऱ्या कोणी उचलल्यास कार्यालयाचे नाव सांगू नये.”

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर ती लागणार आहे. पत्रव्यवहारासाठी माहेरचा, मैत्रिणीचा किंवा वकिलाची तयारी असेल तर त्याच्या कार्यालयाचा पत्ता देता येतो.

‘गोपनीय’ हा शब्द एवढा आग्रहाने लिहायला सांगते आहे, त्याला कारण आहे. तुमची माहिती दुसऱ्या कोणी मागितली, तर तुम्हाला विचारण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर केव्हा येतं? माहिती तुमच्याशी संबंधित किंवा तुम्ही पुरवलेली असते, आणि तुम्ही ती गोपनीय मानलेली असते, तेव्हा. तुम्ही ती गोपनीय मानली होती, याला लेखी पुरावा हवा, आणि तो याच ओळीने तयार होतो.

चौथी पायरी: कार्यालयातल्या रोजच्या गळतीच्या जागा

माहिती फुटते ती टेबलावरून. भेटीची नोंदवही पुढे सरकवली जाते, त्यात आधी आलेल्यांची नावं, फोन नंबर आणि ‘कामाचे स्वरूप’ ठळक दिसत असतं. तुमच्या नोंदीत कामाचं स्वरूप ‘कायदेशीर सल्ला’ एवढंच लिहा. ‘बलात्कार प्रकरण’, ‘घटस्फोट’ लिहायची गरज नाही. बोलण्यासाठी आडोसा मागा. जिल्हा प्राधिकरणाचे सचिव न्यायाधीश असतात. खिडकीवर सगळ्यांसमोर हकीकत सांगण्यापेक्षा “मला सचिवांशी एकटीने बोलायचं आहे” असं म्हणायला संकोच करू नका.

दुसरी जागा व्हॉट्सॲप. “कागद माझ्या नंबरवर टाका” हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. तो नंबर कर्मचाऱ्याचा खासगी असतो, फोटो त्याच्या गॅलरीत जातो, बॅकअपला जातो, घरात मुलं तोच फोन हाताळतात. वैद्यकीय कागद, मुलांचे फोटो, एफआयआर असं काही खासगी नंबरवर पाठवू नका. कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा किंवा हातोहात द्या. शिबिरात, महालोकअदालतीत फोटो काढले जातात, तेव्हा ‘मला फोटोत यायचं नाही’ हे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. लाभार्थ्यांचा फोटो मदतीची अट नसते.

तिसरी जागा सूचनाफलक. लाभार्थ्यांच्या यादीत पूर्ण आधार क्रमांक लावला असेल, तर आधार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे तो जाहीर करायला मनाई आहे. लगेच लेखी देऊन उतरवायला लावा.

पाचवी पायरी: काही प्रकरणांत नावच झाकलं जातं, ते वापरा

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसतं नाव टाळणं पुरत नाही. ज्यावरून ओळख पटेल असं काहीच बाहेर जाऊ नये. नाव असलेले कागद शक्यतो बंद लिफाफ्यात ठेवावेत आणि ज्यांच्यापर्यंत नाव पोचलं त्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते गुप्त ठेवावं. महाराष्ट्रात 2013 साली सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेचे अर्थसाहाय्याचे प्रस्ताव आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे येतात, त्यामुळे हे बंधन त्यांच्या टेबलालाही आहे. प्रस्तावाच्या पाकिटावर, पत्राच्या विषयात, मंजुरीच्या यादीत नाव येणार नाही ना, हे विचारून घ्या.

बालकांसाठी पॉक्सोचं कलम 23 आणि 33, तसंच बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 आहे. हे शेवटचं कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलालाही लागू आहे, फक्त पीडित मुलाला नाही; लोक हे विसरतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीसाठी 2017 च्या कायद्याचं कलम 34 आहे: टोपणनावाने दावा चालवता येतो, सुनावणी बंद खोलीत घेता येते. कुटुंब न्यायालयात कोणत्याही एका पक्षाने मागणी केली, तर कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 11 प्रमाणे सुनावणी बंद दाराआडच घ्यावी लागते. एका अर्जाने होणारं काम आहे, तरी फार कमी लोक तो अर्ज देतात.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. प्राधिकरणाकडे दिलेला अर्ज वेगळा आणि कोर्टात दाखल झालेला दावा वेगळा. दाव्याची प्रत समोरच्या पक्षाला मिळतेच. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते एकमेकांपासून लपवता येत नाही. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकारांची नावंही दिसतात. म्हणून दावा दाखल होण्याआधी वकिलाला म्हणा: “मसुदा मला वाचून दाखवा.” गरज नसलेला तपशील, मुलांच्या शाळेचं नाव, सध्या राहता ती खोली, हे त्याच वेळी काढून घ्या. नाव झाकण्याचा अर्ज द्यायचा असेल तर तो दाखल करतानाच द्या. एकदा संकेतस्थळावर आलेलं नाव खासगी संकेतस्थळं उचलतात, आणि मग ते शोधून काढून टाकणं फार कष्टाचं होतं.

आरोपपत्राबद्दल बऱ्याच जणांना भीती असते. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात निर्वाळा दिला, की आरोपपत्र हे सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि ते संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती करता येत नाही. एफआयआर मात्र 2016 च्या आदेशाप्रमाणे पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जाते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. तुमची एफआयआर चुकून टाकली गेली असेल, तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी कळवा.

सहावी पायरी: तुमची माहिती कोणी माहितीच्या अधिकारात मागितली तर

आता तिसऱ्या पायरीतली पोच कामाला येते. माहिती देण्याचा अधिकाऱ्याचा विचार असेल, तर अर्ज आल्यापासून 5 दिवसांत त्याने तुम्हाला लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत तुम्ही म्हणणं मांडायचं. 40 दिवसांत निर्णय. निर्णय तुमच्या विरुद्ध गेला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं.

उत्तर थोडक्यात लिहा. माहिती वैयक्तिक आहे, माहिती अधिकार कायद्याचं कलम 8 (1) (ञ) लागू आहे. जिवाला धोका असेल तर कलम 8 (1) (छ). वकिलाशी झालेलं बोलणं असेल तर साक्ष अधिनियमाचं कलम 132. आणि नोटिशीतच तुमचा सध्याचा पत्ता माहिती मागणाऱ्याला कळत नाही ना, याकडे लक्ष द्या.

इथे कायद्यात नुकताच मोठा बदल झाला आहे. वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खासगीपणावर अकारण घाला येतो, हे पूर्वी पाहावं लागायचं. नव्या डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर 2025 पासून ती अटच गेली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण उरलं आहे. पीडितांना याने आडोसा मिळेल. पण याच कारणाखाली पॅनेल वकिलांना किती मानधन दिलं, किती प्रकरणं कोणाकडे सोपवली, असे सार्वजनिक पैशाचे प्रश्नही टोलवले जातील, अशी मला खरी काळजी वाटते. गोपनीयता अर्जदाराच्या रक्षणासाठी आहे, कार्यालयाच्या नाही. कलम 8 (2) अजून शाबूत आहे: लोकहित जास्त मोठं असेल तर माहिती देता येते. हिशेब मागणाऱ्यांनी आपल्या अर्जात आता या कलमाचा उल्लेख आवर्जून करावा, आणि नावं वगळून आकडे मागावेत.

तुम्हाला स्वतःची फाईल पाहायची असेल, तर माहितीच्या अधिकाराकडे धावण्याआधी सचिवांना साधा अर्ज द्या, ओळखपत्राची प्रत जोडा. कोर्टातल्या प्रकरणाचे कागद हवे असतील तर नक्कल विभागात नक्कल अर्ज करा. न्यायालयीन कागद त्याच मार्गाने मिळतात, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे.

सातवी पायरी: नव्या डेटा कायद्याकडून किती अपेक्षा ठेवावी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. आपली माहिती पाहण्याचे, दुरुस्त करून घेण्याचे, तक्रारीचे हक्क नियमांनंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात.

लागू झाल्यावरही कायदेशीर कामासाठी कलम 17 मध्ये मोठी सूट आहे. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी, न्यायालयीन कामासाठी, गुन्ह्याच्या तपासासाठी किंवा खटल्यासाठी माहिती वापरली जात असेल, तर व्यक्तीचे बहुतेक हक्क तिथे चालत नाहीत. माहिती फुटल्यावर तुम्हाला कळवण्याचं बंधनही अशा कामाला नाही. सुरक्षेची वाजवी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी मात्र या सूटीतही कायम आहे. म्हणून प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, कोणी कोणती फाईल पाहिली याची नोंद, या गोष्टी तुम्ही कार्यालयाकडे हक्काने मागू शकाल. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत असू शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यात भरपाई नाही, आणि हे मला मुळीच पटत नाही.

आठवी पायरी: माहिती फुटलीच तर

आधी पुरावा. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि नंबर दिसू द्या. फलकाचा फोटो काढा. त्याच दिवशी सचिवांना लेखी द्या: काय फुटलं, कुठे दिसतंय, आज काढून टाका. पोच घ्या. दखल घेतली नाही तर जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेल्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे जा, त्यापुढे मुंबईतल्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांकडे. काय करावं ते सुचत नसेल तर 15100 या हेल्पलाईनवर बोला.

वकिलाने फोडली असेल तर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे, वकील अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते. सरकारी कर्मचाऱ्याने फोडली असेल, तर त्याच्या वरिष्ठांकडे वर्तणूक नियमांखाली कारवाई मागा. पीडितेचं नाव बाहेर आलं असेल, तर थेट पोलीस ठाण्यात न्याय संहितेच्या कलम 72 ची फिर्याद. आणि नुकसान मोठं असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो सरकारी कार्यालयांविरुद्धच सगळ्यात जास्त उपयोगी आहे.

शेवटची पायरी: प्रकरण संपल्यावर

निकाल लागला की लोक मोकळे होतात आणि कागद वकिलाकडे राहतात. वकिलाकडून सगळे मूळ कागद आणि जादा प्रती यादीप्रमाणे परत घ्या. वकील मध्येच बदलला असेल तर जुन्या वकिलाकडूनही. पेन ड्राइव्हमध्ये दिलेली रेकॉर्डिंग, फोटो परत मागा आणि त्याच्या संगणकावरची प्रत पुसल्याचं लेखी घ्या.

कार्यालयाची फाईल मात्र तुमच्या सांगण्यावरून नष्ट होत नाही. सरकारी कागद वर्गवारीप्रमाणे ठेवले जातात, ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ड’ वर्ग वर्षभर, बाकीचे मधल्या मुदतींचे. नव्या डेटा कायद्यानेही राज्याला माहिती पुसण्याच्या बंधनातून वगळलं आहे. तेव्हा सचिवांना शेवटचं एक पत्र द्या: माझं प्रकरण कोणत्या वर्गात ठेवलं आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते ते कळवावं, तोवर फाईल बंद लिफाफ्यात ठेवावी, आणि पत्ता बदलला असल्याने यापुढची पत्रं नव्या पत्त्यावरच पाठवावीत. या पत्राचीही पोच घ्या, आणि ती पहिल्या अर्जाच्या पोचेसोबत एकाच पाकिटात ठेवा.